‘कुठं लिहिलंय बे?’ : काल्पनिक जगातल्या आदिम युद्धावर थिअरी मांडू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

फँटसी वाचणाऱ्याला आधी पात्रांचं वेड लागतं. कोण मरणार, कोण गादीवर बसणार, कोण नेमका कुणाचा मुलगा. त्यानंतर काही जणांना दुसरं वेड लागतं आणि ते लवकर सुटत नाही. या जगात हजारो वर्षांपूर्वी एक महायुद्ध झालं म्हणतात, ते मुळात पेटलं कशावरून? पुस्तकात त्याचं सरळ उत्तर नसतं. एखाद्या म्हातारीची गोष्ट, पुजारणीचं भाकीत, कुठल्या तरी जुन्या पोथीचा ओझरता उल्लेख, एवढंच हाती असतं. तेवढ्यावरून वाचक जे जुळवतात तिला थिअरी म्हणायचं.

या दुसऱ्या वेडाची नुकतीच लागण झालेल्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून सगळीकडे ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ही पुस्तकमालिका घेतली आहे. तिच्यावरच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या टीव्ही मालिकेमुळे सोलापुरात कॉलेजच्या पोरांपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत पुष्कळांना हे जग ऐकून तरी माहीत आहे. शिवाय पुस्तकं अजून पुरी झालेली नाहीत, त्यामुळे थिअरीला जागा शिल्लक आहे. पुढे दोन्हीकडचे तपशील उघड केले आहेत. ज्यांना ते नको असतील त्यांनी आधी वाचून यावं, लेख कुठं पळून जात नाही.

एक सांगून ठेवतो. आपल्या गावात तुम्ही कितीही झोकदार थिअरी ऐकवा, समोरून एकच प्रश्न येणार: ‘कुठं लिहिलंय बे?’ नवख्याला तो टोमणा वाटतो. पण या खेळाचा सगळा कायदा त्या तीन शब्दांत आहे, आणि खालच्या पायऱ्या त्या प्रश्नाला उभं राहून उत्तर देता यावं म्हणूनच आहेत.

पायरी १ : पुस्तक की पडदा, ते आधी ठरवा

पहिलं पुस्तक १९९६ साली आलं, पाचवं २०११ साली. सहाव्याची वाट पाहणं चालू आहे. २०१४ साली त्या जगाचा इतिहास-भूगोल सांगणारं एक जाडजूड सोबतीचं पुस्तक आलं, ‘द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर’. पडद्यावरची मालिका २०११ ते २०१९ अशी आठ सीझन चालली आणि पुस्तकांच्या पुढे निघून गेली.

इथंच नव्या माणसाचा पहिला गोंधळ होतो. मालिकेच्या सहाव्या सीझनमध्ये, २०१६ साली, एक दृश्य आलं. माणसांशी लढून जेरीस आलेले वनपुत्र, म्हणजे ‘चिल्ड्रन ऑफ द फॉरेस्ट’, एका बांधलेल्या माणसाच्या छातीत ड्रॅगनग्लासचं पातं खुपसतात आणि त्यातून पहिला ‘व्हाइट वॉकर’, म्हणजे बर्फाचा सैनिक, तयार होतो. झालं, लोक म्हणू लागले की युद्धाचं मूळ सापडलं, विषय संपला. तो संपला मालिकेपुरता. प्रसिद्ध झालेल्या पाच पुस्तकांत असं कुठंही म्हटलेलं नाही. पुस्तकांत त्या प्राण्यांना ‘द अदर्स’ म्हणतात आणि ते आले कुठून हे कुणीच सांगत नाही.

आणखी एक चकवा. मालिकेतला ‘नाइट किंग’ म्हणजे तो पहिला घडवलेला जीव. पुस्तकांतला ‘नाइट्स किंग’ हा दंतकथेतला माणूस आहे, उत्तरेच्या भिंतीवर पहारा देणाऱ्या नाइट्स वॉच या दलाचा तेरावा सेनापती. नावं भावासारखी, माणसं वेगळी. या दोघांची मोट बांधून लिहिलेल्या थिअऱ्या मी वाचणं सोडून दिलं आहे.

म्हणून कागदाच्या माथ्यावर लिहा: ‘फक्त पुस्तकं’, किंवा ‘फक्त मालिका’. सोबतीचं पुस्तक धरणार असाल तर तेही लिहा. एवढ्यानं निम्मी भांडणं वाचतात.

पायरी २ : वही घाला

मोबाइलमधल्या नोंदी चालतील, पण वहीची गोष्ट वेगळी. प्रत्येक पानावर चार रकाने आखा: कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, त्याला हे कुठून कळलं, आणि कुठलं पुस्तक नि कुठलं प्रकरण. पृष्ठ क्रमांकाच्या भरवशावर राहू नका, आवृत्तीगणिक तो बदलतो. प्रकरण धरा. या पुस्तकांत बहुतेक प्रकरणांना ती ज्याच्या नजरेतून आहेत त्याचं नाव असतं, त्यामुळे ‘पहिलं पुस्तक, ब्रॅनचं चौथं प्रकरण’ असं लिहिलं की कुणालाही सापडतं.

वही कशी भरते ते दाखवतो. पहिल्या पुस्तकात अंथरुणाला खिळलेल्या ब्रॅनला, म्हणजे स्टार्क घराण्यातल्या पोराला, ओल्ड नॅन ही म्हातारी दाई ‘लाँग नाइट’ची गोष्ट सांगते: हजारो वर्षांपूर्वी असा हिवाळा आला की रात्र एक पिढीभर संपली नाही, आणि एक शेवटचा वीर तलवार, घोडा, कुत्रा आणि डझनभर साथीदार घेऊन वनपुत्रांच्या शोधात निघाला. साथीदार मेले, घोडा मेला, कुत्राही मेला, तलवार थंडीनं मोडली. आणि ऐन मोक्याला दार उघडून मेस्टर (त्या जगातला पंडित) लुविन आत येतो. गोष्ट तिथंच तुटते. चौथा रकाना सोपा आहे. तिसऱ्यात काय लिहाल? तिला हे कुठून कळलं याचा पत्ता नाही. तेच लिहा: ‘माहीत नाही’. रिकामा रकाना हीसुद्धा नोंद असते.

दुसऱ्या पुस्तकात समुद्री चाचा सॅलाडोर सान डाव्होसला ‘लाइटब्रिंगर’ तलवारीची गोष्ट सांगतो. अझोर अहाईनं तीस दिवस तीस रात्री खपून तलवार घडवली, पाण्यात बुडवताच ती फुटली. मग पन्नास दिवस लावून दुसरी, ती सिंहाच्या काळजात विझवली, तीही फुटली. शंभर दिवसांची तिसरी त्यानं स्वतःची बायको निस्सा निस्सा हिच्या छातीत खुपसली, आणि तिच्या किंकाळीनं चंद्रावर तडा गेला. सांगणारा कोण, तर समुद्री लुटारू. ऐकणारा कोण, तर नव्या देवाच्या नादी लागलेल्या राजाचा इमानी चाकर. सांगण्यामागे हेतू काय, तर राजाच्या हातातली चमकणारी तलवार ती नव्हे असं सुचवणं. हे वहीत आलं नाही तर नुसती गोष्ट लिहून ठेवण्यात काही हशील नाही.

पायरी ३ : सांगणाऱ्याला तपासा

हीच खरी पायरी. बाकीच्या जमल्या नाहीत तरी चालेल, ही जमायलाच हवी. युद्ध कशानं झालं हे विचारण्याआधी विचारा: ही हकीकत आपल्यापर्यंत कुणी आणली, आणि ती अशीच सांगण्यात त्याचं काय साधतं?

नाइट्स किंगचंच बघा. तिसऱ्या पुस्तकात ब्रॅनला ओल्ड नॅनची ती गोष्ट आठवते. तेरावा सेनापती भिंतीवरून एक बाई पाहतो, चंद्रासारखी पांढरी, डोळे निळ्या ताऱ्यांसारखे. तिला राणी करतो आणि तेरा वर्षं राज्य करतो. शेवटी विंटरफेलचा स्टार्क आणि भिंतीपलीकडचा राजा जोरामुन एक होऊन त्याला पाडतात. तो अदर्सना बळी देत होता हे नंतर उघड होतं. त्यावर त्याच्या सगळ्या नोंदी नष्ट केल्या जातात, नाव घ्यायलाही बंदी होते. आणि म्हातारी हळूच सुचवते की तो स्वतःही स्टार्कच असावा, पाडणाऱ्याचा सख्खा भाऊ.

आता सांगणाऱ्याकडे वळा. नोंदी जाळल्या कुणी? जिंकणाऱ्यांनी. पदरात काय पडलं? घराण्यावरचा डाग पुसला गेला. मग तो बळी देत होता हे आपल्याला कळलं कुणाकडून? त्यांच्याकडूनच. शत्रूशी लग्न करून तह करू पाहणाऱ्या माणसाला नंतर राक्षस ठरवलं गेलं असेल का, अशी एक अख्खी थिअरी या फटीतून निघते. ती खरी आहे असं माझं म्हणणं नाही. ती पायावर उभी आहे एवढं मात्र म्हणेन.

सोबतीच्या पुस्तकालाही हीच कसोटी लावा. अनेक जण ते गाइडबुक समजून प्रमाण मानतात. पण ते त्या जगातल्याच यान्डेल नावाच्या मेस्टरनं लिहिल्याचं सोंग घेतलेलं आहे. त्याचं अर्पणपत्रिकेचं पान नीट पाहा. रॉबर्ट राजाचं नाव पुसून जॉफ्रीचं, तेही पुसून टॉमेनचं घातलेलं दिसतं. जो इतिहासकार राजा बदलला की अर्पणपत्रिका बदलतो, तो राजघराण्याला झोंबणारं काय लिहील आणि काय गाळेल?

हा डोळा तयार करायला आपल्याला पुस्तकांतल्या वेस्टेरॉस खंडापर्यंत जायची गरज नाही. सिद्धेश्वर तलावाशेजारचा भुईकोट किल्ला रोज बसमधून पाहतोच की आपण. त्या किल्ल्यावरून अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही पिढ्यानपिढ्या भांडत होत्या. भांडणाचं मूळ म्हणून जी हकीकत सांगितली जाते ती लग्नाची आहे. १५२४च्या सुमारास इस्माइल आदिलशहाची बहीण मरियम हिचं लग्न बुऱ्हाण निजामशहाशी झालं. हुंड्यात सोलापूरचा किल्ला आणि भोवतालचा मुलूख द्यायचं ठरलं होतं, असं नगरचं म्हणणं. विजापूरनं तो दिला नाही. लढाया झाल्या. पुढे फासे उलटे पडले: हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूर हुंडा म्हणून विजापूरकडे गेलं, आणि लगेच, जानेवारी १५६५ मध्ये, हेच दोन वैरी तालिकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्ध खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

हे आपल्याला बरंचसं कुणाच्या लेखणीतून कळतं? फिरिश्ता या इतिहासकाराच्या. तो आधी अहमदनगरच्या दरबारी होता, १५८९ साली विजापूरला आला आणि तिथल्या सुलतानाच्या आश्रयानं त्यानं इतिहास लिहिला. म्हणजे दोन्ही घरचं मीठ खाल्लेला माणूस, पण लिहिताना बसलेला एका घरी. आता सरावासाठी असं करा. किल्ल्यात एक चक्कर मारा, एखाद्या बुरुजाच्या सावलीत वही उघडा आणि याच चार रकान्यांत ही हुंड्याची हकीकत बसवा. लग्नाच्या वेळी कबुली दिली ती सुलतानानं की मध्यस्थ सरदारानं? हुंडा हे कारण होतं, की भीमा-सीना खोऱ्यातला मोक्याचा किल्ला हवा होता म्हणून हुंडा हे निमित्त? खऱ्या युद्धाच्या मुळाशी पोचताना हात किती अडखळतात ते एकदा कळलं की काल्पनिक युद्धाबद्दल ‘हे सिद्धच आहे’ असं तोंडातून निघत नाही.

पायरी ४ : गाभा आणि पालवी वेगळी करा

सोलापूरकराला ही पायरी शिकवावी लागत नाही. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारी घरं असली की एकच कथा चार तऱ्हांनी कानावर पडते. पूर्व भागातल्या पद्मशाली आजीकडून भावना ऋषींनी कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणल्याची कथा ऐकली असेल तर ठाऊक असेल, घरागणिक तपशील सरकतो, गाभा जागेवर राहतो. (देवाधर्माच्या कथांना ‘थिअरी’ म्हणू नये, हे वेगळं सांगायला नको. ऐकायची रीत तेवढी उचला.)

लाँग नाइटच्या कथा तशाच एकाखाली एक लिहा. उत्तरेत ओल्ड नॅनचा शेवटचा वीर. पूर्वेकडे असाईच्या पोथ्यांतला अझोर अहाई आणि त्याची जळती तलवार. ऱ्होइन नदीकाठी सांगतात की खेकड्यांचा राजा आणि नदीचा म्हातारा हे भांडखोर छोटे देव भांडण सोडून एकत्र आले आणि एका गुप्त गाण्यानं त्यांनी दिवस परत आणला. यी टी देशात श्रेय एका माकडशेपटीच्या बाईला.

चारी कथांत सारखं काय? अंधार, थंडी, आणि कुणाच्या तरी करणीनं परतलेला उजेड. वेगळं काय? तो ‘कुणी तरी’. यावरून एवढं म्हणता येतं की त्या जगात दीर्घ अंधार खरोखर पडला असावा आणि तो एका प्रदेशापुरता नव्हता. तलवारीनं संपला की गाण्यानं, यावर मात्र कुठल्याही एका कथेच्या जोरावर पैज लावू नका. आणि हे पाहा: यातल्या पूर्वेकडच्या कथांत बर्फाचे सैनिक ठळक नाहीत. ते उत्तरेतच का? माझ्या मते हा प्रश्न तलवार कुणाची यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे, आणि त्यावर फार कमी लिहिलं जातं.

पायरी ५ : आकड्यांना हात लावताना

लाँग नाइट ‘आठ हजार वर्षांपूर्वी’ झाली, हा आकडा सगळे बिनधास्त फेकतात. चौथ्या पुस्तकात नाइट्स वॉचमधला सॅम जुने कागद चाळतो तेव्हा आपल्या सेनापतीला, जॉनला, सांगतो की पहिल्या माणसांनी (‘फर्स्ट मेन’, वेस्टेरॉसमध्ये सर्वांत आधी आलेली माणसं) दगडावरच्या खुणांपलीकडे काही लिहून ठेवलं नाही. वीरयुगाबद्दल जे आपण समजतो ते हजारो वर्षांनंतर धर्मगुरूंनी लिहिलेलं. जॉन हा नाइट्स वॉचचा ९९८वा सेनापती मानला जातो, पण सॅमला सापडलेल्या सर्वांत जुन्या यादीत ६७४ नावं आहेत. पाचव्या पुस्तकात पहिल्या माणसांनंतर आलेले अँडल लोक आले कधी यावर चार हजार वर्षं आणि दोन हजार वर्षं अशी दोन मतं ऐकू येतात.

इथं नवखा माणूस उडी मारतो: म्हणजे सगळं खोटं! थांबा. ९९८ सेनापती आठ हजार वर्षांत म्हणजे माणशी सरासरी आठ वर्षं, आणि धोक्याच्या पदासाठी हे अशक्य नाही. यादी जुनी असेल तर ती केली तेव्हा ६७४च झाले असतील. आकडा संशयास्पद आहे म्हणजे चुकलाच आहे असं होत नाही. थिअरीत ‘सुमारे’ आणि ‘म्हणतात’ हे शब्द सढळ हातानं वापरा.

पायरी ६ : चालू थिअऱ्यांची तोंडओळख

नवीन काही मांडण्याआधी आधीच्यांनी काय म्हणून ठेवलंय ते माहीत हवं. थोडक्यात सांगण्यासारख्या दोन आहेत. शेवटचा वीर आणि अझोर अहाई हा एकच माणूस, दोन प्रदेशांनी दोन नावांनी आठवलेला. आणि वर आलेली तहाची थिअरी: युद्ध जिंकलं गेलंच नाही, लग्नसंबंधानं मिटवलं गेलं, आणि तो तह मोडला म्हणून ते परत आले.

वनपुत्रांनी अदर्सना शस्त्र म्हणून घडवलं ही थिअरी मालिकेनं उचलून धरली, पण पुस्तकांत तिला काळाचा अडथळा आहे. पहिली माणसं सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी आली, वनपुत्रांशी लढली, मग चेहऱ्यांच्या बेटावर (‘आइल ऑफ फेसेस’) करार झाला. लाँग नाइट येते ती करारानंतर पुष्कळ काळानं, वीरयुगात. युद्धासाठी घडवलेलं शस्त्र युद्ध मिटल्यावर इतक्या पिढ्यांनी का उठावं? याला उत्तर देणाऱ्या उपथिअऱ्या आहेत, पण उत्तर द्यावं लागतंय हे ध्यानात घ्या.

माझी आवडती थिअरी चंद्राची. पहिल्या पुस्तकात डोरीआ ही दासी परागंदा राजकन्या डॅनेरिसला क्वार्थच्या व्यापाऱ्याकडून ऐकलेली गोष्ट सांगते: पूर्वी आकाशात दोन चंद्र होते, एक सूर्याच्या फार जवळ गेला, उष्णतेनं अंड्यासारखा फुटला आणि त्यातून ड्रॅगन बाहेर पडले. बाकीच्या दोघी दासी तिला हसतात. सॅलाडोर सानच्या गोष्टीत चंद्रावर तडा जातो. सोबतीच्या पुस्तकात, यी टीच्या कथेत, ब्लडस्टोन सम्राट बहिणीला, अॅमेथिस्ट सम्राज्ञीला, मारून गादी बळकावतो, आकाशातून पडलेल्या काळ्या दगडाची पूजा करतो आणि त्याच्या पापानं लाँग नाइट येते. तीन सांगणारे, तीन प्रदेश, आणि तिन्हींत आकाशात काहीतरी मोडतंय किंवा आकाशातून पडतंय. मग थिअरी म्हणते: एक उपग्रह किंवा धूमकेतू फुटला, धुरळ्यानं सूर्य झाकला, पिढीभर हिवाळा पडला. पुढे जाऊन काही जण म्हणतात की अझोर अहाई हाच तो ब्लडस्टोन सम्राट. ज्याला तारणहार म्हणतात त्यानंच अंधार आणला.

याला खऱ्या इतिहासाचा थोडा टेकूही आहे. इ. स. ५३६ मध्ये सूर्य वर्षभर तेजहीन दिसत होता अशी नोंद प्रोकोपियस या बायझंटाइन इतिहासकारानं केली आहे, आणि त्यामागे ज्वालामुखीचा उद्रेक होता असं आज मानलं जातं. आकाश झाकलं गेलं की पिकं बुडतात, माणसं मरतात, आणि मागे कथा उरतात.

दुबळ्या जागा? पुष्कळ. कुठलंच पात्र फुटलेला चंद्र आणि लाँग नाइट यांना एका वाक्यात जोडत नाही. जोडतो तो वाचक. सम्राटानं बहीण मारली, अझोर अहाईनं बायको. एकानं अंधार आणला, दुसऱ्यानं संपवला. दोघं एकच म्हणायचं तर कुणीतरी कथा उलटी फिरवली असं धरावं लागतं, आणि ती कुणी, कधी फिरवली याची नोंद नाही. तरीही मला ती आवडते, कारण तिचा प्रत्येक तुकडा ‘कुठं लिहिलंय’ला उत्तर देतो. नुसता दोरा वाचकाचा आहे.

पायरी ७ : आपल्या पुराणांशी नाळ जोडताना जपून

मराठी वाचकाला देवासुरांचं युद्ध, समुद्रमंथन, इंद्र-वृत्र हे पाठ असतं, म्हणून कुठल्याही फँटसीत त्याला तेच दिसू लागतं. जोडा, हरकत नाही. पण सारखेपणा म्हणजे उसनवारी नव्हे. न संपणारा हिवाळा म्हटला तर नॉर्स पुराणातला फिंबुलवेटर जास्त जवळ आहे: मधे उन्हाळा न येता लागोपाठ तीन हिवाळे, आणि त्यानंतर अंतिम युद्ध. आधी शेजारचं घर पाहा, मग दूरचं.

महाभारताचा उपयोग वेगळ्या कामाला होतो. कुरुक्षेत्राचं मूळ काय असं कुणालाही विचारा, दहातले निम्मे सांगतील की मयसभेत द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणून हसली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात हस्तलिखितं ताडून जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात हे वाक्य नाही. तिथं दुर्योधनाची फजिती पाहून भीम आणि भाऊ हसतात, आणि द्रौपदीही हसली हे नंतर खुद्द दुर्योधन बापाला सांगतो. म्हणजे फिर्यादीची साक्ष! त्यावर शतकानुशतकं पालवी फुटत गेली आणि युद्धाचं खापर एका बाईच्या डोक्यावर फुटलं. काल्पनिक जगातही प्राचीन युद्धाला कारण म्हणून बाई पुढे केलेली दिसली, की वहीत तिथं लाल खूण करा. निळ्या डोळ्यांची राणी आठवतेय ना?

थिअरी कशी लिहावी याचा मराठीतला वस्तुपाठ पाहायचा तर इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधला ‘पिता-पुत्र?’ हा लेख वाचा. विदुर हाच धर्मराजाचा पिता असावा का, ही शंका त्या मांडतात. प्रश्नचिन्ह शीर्षकातच आहे. पुरावा महाभारतातलाच, आव कुठंही नाही. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा तुमच्या पेठेतल्या वाचनालयात विचारून पाहा.

पायरी ८ : कागदावर उतरवा

एका वाक्यात दावा. त्याखाली पुरावे, प्रत्येकापुढे सांगणारा आणि प्रकरण. त्याखाली विरुद्ध जाणारे पुरावे, आणि हे स्वतःच लिहा. दुसऱ्यानं काढून दाखवण्याची वाट पाहू नका. शेवटी एक ओळ: पुढच्या पुस्तकात काय आलं तर माझी थिअरी मेली असं मी मानेन. ही ओळ सुचत नसेल तर तुमच्याकडे थिअरी नाही, मनःस्थिती आहे. ‘सगळे युद्ध म्हणजे एक चक्र आहे’ छापाची विधानं कशानंच मरत नाहीत, म्हणून ती कामाचीही नाहीत.

मराठीत लिहिताना नावांची चिंता करू नका. पहिल्यांदा मूळ नाव देवनागरीत द्या, मग आपला शब्द रूढ करा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. वनपुत्र म्हणालात तर वनपुत्रच.

पायरी ९ : चारचौघांत

लेख झाला की आधी ज्यानं पुस्तक वाचलेलं नाही अशा मित्राला ऐकवा. हुतात्मा बागेत बसा, पार्क चौकात चहा घ्या, कुठंही. त्याला मधे झोप आली तर पुरावे जास्त झाले, आणि दावा परत सांगता आला नाही तर दावा धूसर आहे. मग वाचलेल्याकडे जा आणि सुरुवातीलाच विचारा, ‘कुठपर्यंत वाचलंय?’ तिसऱ्या पुस्तकाच्या मध्यावर असलेल्या माणसाला लग्नसमारंभाविषयी काही बोलू नका. का ते वाचलेल्यांना कळेल.

दुसऱ्याचं सुचलेलं असेल तर तसं सांगा. वयानं मोठे कुणी बसले असतील, अण्णा म्हणावं असे, तर त्यांचा ‘हे सगळं आपल्या पुराणातनं चोरलंय’ हा मुद्दा ऐकून घ्या आणि सातवी पायरी आठवा. वाद घालू नका, एखादं प्रकरण वाचून दाखवा. बऱ्याचदा तेच पुढचं पुस्तक मागून नेतात.

सुरुवातीला कुठला विषय घ्यावा

अझोर अहाई घेऊ नका, त्यावर इतकं लिहून झालंय की पहिल्याच लेखात दम लागेल. नाइट्स किंगही मोहात पाडेल, पण मालिकेच्या सावलीतून तो सोडवताना नवख्याचा जीव जातो.

ओल्ड नॅनची तुटलेली गोष्ट घ्या. शेवटच्या वीराला वनपुत्र सापडले का, सापडले तर त्यांनी त्याला काय दिलं आणि बदल्यात काय घेतलं? वनपुत्रांच्या मदतीचा उल्लेख पाचही पुस्तकांत कोण कोण करतं ते वहीत उतरवा. डझनभर साथीदार अधिक तो स्वतः म्हणजे तेरा, आणि सेनापतीही तेरावा. हा योग आहे की लेखकानं ठेवलेली खूण, हे ठरवण्याआधी तेरा हा आकडा इतर कुठं येतो ते मोजा. पहिलं पुस्तक परत काढा, ब्रॅनच्या चौथ्या प्रकरणापासून सुरू करा, पेन्सिल हाताशी ठेवा.